फवारा तोफ घ्यायच्या आधी: खान्देशातल्या मध्यम गावाने हवेचं काम कुठून सुरू करावं

प्रश्न थोडक्यात असा. तापीखोऱ्यातल्या लाखभर वस्तीच्या एका नगरपरिषदेच्या नगरसेविका विचारतात: गावात धूळ आणि धूर दोन्ही वाढलेत. पुढच्या सर्वसाधारण सभेत पाण्याचं धुकं मारणारी तोफ, रस्ते झाडायचं यंत्र आणि चौकात हवेचे आकडे दाखवणारा फलक घ्यायचा ठराव येतोय. आमचं गाव राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाही. हा खर्च करावा का? वीटभट्ट्या, खडी क्रशर, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळणं यावर आमचा हात कुठपर्यंत पोचतो? आणि शेजारच्या पाड्यांवर चुलीच्या धुराचं काय करता येईल?

ताई, तिन्हींपैकी तोफ कधीच घेऊ नका, फलक इतक्यात घेऊ नका, आणि झाडू-यंत्राचा विचार रस्त्याच्या कडा बांधून झाल्यावर करा. उघड्यावर मारलेलं धुकं समोरच्या दहा-वीस मीटरमधले कण काही मिनिटं खाली बसवतं. तोफ पुढे गेली, रस्ता वाळला, की तीच धूळ पुढच्या डंपरमागे पुन्हा उठते. पाडकामाच्या जागी तिचा थोडा उपयोग होतो, शहराच्या हवेवर काही नाही.

आधी कार्यक्रमात आपण का नाही ते समजून घ्या, कारण पैशाचं कोडं तिथेच आहे. हा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. सलग पाच वर्षं राष्ट्रीय मानकं ओलांडणारी शहरं त्यात घेतली. खान्देशातून एकटं जळगाव आलं. आता मानक ओलांडलं हे ठरायला आधी मोजणी लागते, आणि मोजणारी केंद्रं असतात मोठ्या शहरांत. म्हणजे ज्या गावात यंत्रच नाही, त्या गावात कागदावर प्रदूषणही नाही. त्यामुळे निधी मागायला जाताना ‘आमच्याकडे धूळ फार आहे’ याला कुणी विचारत नाही, नोंदी लागतात. तेव्हा पहिला खर्च मोजणीवर.

मानकं २००९ची आहेत. पीएम १० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण, त्यांचं वार्षिक सरासरी मानक ६० आणि २४ तासांचं १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं अनुक्रमे ४० आणि ६०. वार्षिक सरासरी काढायची तर आठवड्यातून दोनदा, वर्षभरात किमान १०४ दिवसांचे नमुने हवेत. नगरपरिषदेला हे झेपत नसेल तर डिसेंबर-जानेवारीत तीन आठवडे आणि एप्रिल-मेमध्ये तीन आठवडे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून मोजून घ्या. या आकड्यांची तुलना फक्त २४ तासांच्या मानकाशी करायची. वार्षिक ६० शी केली की प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी पहिल्याच पानावर अहवाल बाजूला ठेवेल. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. त्यांच्याकडून जागा ठरवून घेणं आणि मोजणीवर देखरेख ठेवणं जमलं तर अहवालाला वजन येतं.

प्रयोगशाळेवर सोडून मोकळं होऊ नका, कारण मोजणी कुठे बिघडते ते ठरलेलं आहे. नमुना घेणाऱ्या यंत्राचं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटरवर हवं, झाडापासून २० मीटर लांब आणि किमान तीन बाजूंनी वारा मोकळा. प्रत्यक्षात यंत्र ठेवलं जातं नगरपरिषदेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, कारण प्लग तिथे असतो. दुसरं, फिल्टर कागद नमुन्याआधीच्या आणि नमुन्यानंतरच्या अशा दोन्ही वजनांच्या आधी २४ तास कोरड्या पेटीत ठेवावा लागतो. ते केलं नाही तर कागदातला ओलावाच धूळ म्हणून मोजला जातो. तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. जुन्या पद्धतीच्या यंत्रात हवेचा प्रवाह पाण्याच्या मॅनोमीटरवर (दाब दाखवणाऱ्या नळीवर) वाचतात, आणि ४३-४४ अंशांत ते पाणी उडतं. पातळी शून्यावर आणल्याशिवाय घेतलेलं वाचन खोटं.

हिशेब सोपा आहे, तो स्वतः करून बघा. प्रवाह मिनिटाला १.१ घनमीटर, पाळी ८ तासांची म्हणजे ४८० मिनिटं, हवा ओढली गेली ५२८ घनमीटर. कागदाचं वजन ७९ मिलिग्रॅमने वाढलं तर ७९,००० भागिले ५२८, म्हणजे साधारण १५० मायक्रोग्रॅम. अशा तीन पाळ्यांची सरासरी तो दिवसाचा आकडा. मध्येच वीज गेली असेल तर यंत्र प्रत्यक्ष किती मिनिटं चाललं ते तासमापकावरून घ्यायचं, ४८० धरून चालायचं नाही. अहवालात प्रत्येक नमुन्याला बरोबर ४८० मिनिटं दिसली तर समजा की कुणीतरी टेबलावर बसून लिहिलंय.

पीएम १० आणि पीएम २.५ एकाच वेळी मोजून घ्या, कारण दोघांच्या गुणोत्तरात अर्धं निदान असतं. पीएम २.५ हे पीएम १० च्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत असेल तर तुमचा प्रश्न मातीचा: रस्ते, खोदकाम, क्रशर, डंपर. निम्म्याच्या वर गेलं तर धुराचा: कचरा, चुली, भट्ट्या, वाहनं. खान्देशात बहुतेक ठिकाणी एप्रिल-मेमध्ये पहिलं चित्र दिसतं आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दुसरं. उपाय वेगळे, महिने वेगळे, खातीही वेगळी.

चौकातल्या फलकाबद्दल माझा आक्षेप इथेच आहे. त्यात बहुधा लेसरवर चालणारा स्वस्त सेन्सर असतो. मोठे कण त्याला नीट दिसतच नाहीत, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातला धुराळा तो कमी दाखवणार. उलट पावसाळ्यात आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तो नुसत्या दमट हवेलाही प्रदूषण म्हणतो. घ्यायचाच असेल तर आधी दोन आठवडे मान्य यंत्राशेजारी ठेवून दुरुस्ती-गुणक काढा, आणि तो उन्हाळ्यासाठी वेगळा, हिवाळ्यासाठी वेगळा ठेवा. मोबाइलवरच्या आकड्यांवरून सभेत भांडू नका. पीएम २.५ साठ असेल तर भारतीय हवा-गुणवत्ता निर्देशांक १०० येतो, म्हणजे ‘समाधानकारक’ची वरची कड. अमेरिकी पट्टीवर तीच हवा दीडशेच्या वर जाते. बरीच अ‍ॅप अमेरिकी पट्टी दाखवतात, आणि तुमच्या गावात यंत्र नसेल तर आकडा उपग्रह आणि संगणकी अंदाजावरून काढलेला असतो.

आता रस्त्याची धूळ. यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच सर्वात जास्त वाया जातात आणि इथेच सर्वात लवकर फरकही पडतो. रस्त्यावरून वाहन गेल्यावर किती धूळ उडेल हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरतं: डांबरावर दर चौरस मीटरला किती बारीक गाळमाती पडली आहे. बारीक म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जाणारी. ही मोजणी कुठलंही स्थापत्य महाविद्यालय किंवा बांधकाम खात्याची माती-चाचणी प्रयोगशाळा करू शकते. पहाटे रहदारी नसताना बॅरिकेड लावायचं, वाहनं चालतात त्या पट्ट्यात खडूने चौरस आखायचे, मऊ ब्रशने सुपलीत भरायचं, वाळवायचं, चाळायचं, तोलायचं. कडेची रास त्यात मिसळू द्यायची नाही, ती वेगळी मोजायची.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एपी-४२ या संग्रहातल्या प्रचलित सूत्रात आकडे घालून बघा. वाहनांचं सरासरी वजन दीड टन धरलं, तर रस्त्यावर २ ग्रॅम गाळ असताना एक वाहन किलोमीटरमागे पावणेदोन ग्रॅम पीएम १० उडवतं. गाळ १० ग्रॅम असेल तर साडेसात ग्रॅमच्या पुढे. दिवसाला दहा हजार वाहनांच्या रस्त्यावर एका किलोमीटरला हा फरक साडेसतरा किलो आणि शहात्तर किलो असा पडतो. बीएस-६ डिझेल मोटारीच्या नळीतून किलोमीटरला ४.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कण निघू नयेत असा नियम आहे, हेही शेजारी ठेवून पाहा. सूत्र परदेशी आहे, आपल्या दुचाक्या-रिक्षांच्या रहदारीला ते तंतोतंत लागू पडत नाही, पण कोणता रस्ता आधी घ्यायचा हे ठरवायला पुरतं.

मग ती माती येते कुठून? गाव पायी फिरा, चार-पाच ठिकाणं सापडतील. पहिली साइडपट्टी. डांबर संपतं तिथे काळी माती किंवा मुरूम उघडा, आणि दुचाक्या दर मिनिटाला तिथून चढतात-उतरतात. निविदेत ‘मुरमाने साइडपट्ट्या भरणे’ ही बाब असते, मोजमाप पुस्तकात ती नोंदली जाते, बिल निघतं, आणि महिन्याभरात तो मुरूम डांबरावर आलेला असतो. आपला पाऊस ६००-७०० मिलिमीटरचा, तोही चार महिन्यांत. त्यामुळे ‘कडेला हिरवळ लावा’ हा सल्ला एप्रिलात मरतो. इथे गटारीपर्यंत पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटच करावं लागतं. रस्त्याच्या अंदाजपत्रकातच ‘भिंतीपासून भिंतीपर्यंत’ असं लिहून घ्या. नंतर वेगळा निधी मागितला तर मिळत नाही.

दुसरं ठिकाण गटारीचा गाळ. सफाई कामगार गाळ काढून काठावर वाळत ठेवतात, कारण ओला गाळ गाडीत नेला तर गळतो आणि वजन जास्त होतं. तीन दिवसांत त्याची भुकटी होते आणि रस्त्यावर जाते. ठेक्यात ‘काढलेला गाळ २४ तासांत उचलणे’ ही अट आणि न उचलल्यास दर मीटरमागे कपात, एवढं पुरतं. अट नुसती लिहून चालत नाही, कपात एकदा तरी प्रत्यक्ष झालेली दिसावी लागते. तिसरं, दुभाजक. त्यातली माती कठड्याच्या वर भरलेली असते, पाणी घातलं की वाहून खाली येते. ती कठड्यापेक्षा किमान १० सेंटिमीटर खाली ठेवायची.

चौथं आणि सध्या सर्वात मोठं: पाणीपुरवठा आणि भुयारी गटारीच्या चाऱ्या. काळ्या मातीत चर खणून तीच माती वर ढकलून बुजवली तर पहिल्या पावसात खचते आणि हिवाळ्यात उडते. काळी माती उचलून न्यायची, मुरूम किंवा खडीचा भुगा १५ ते २० सेंटिमीटरच्या थरांत पाणी मारून दाबायचा, वर लगेच तात्पुरता डांबरी थर द्यायचा. ठेकेदाराला मागचे ३०० मीटर बंद केल्याशिवाय पुढचे उघडू देऊ नका. लांबी तुमच्या गावाप्रमाणे ठरवा, पण ती करारात असू द्या. ज्या शहरांत धुळीची मानकं ओलांडली जातात तिथल्या बांधकामांसाठी केंद्राने जानेवारी २०१८ मध्ये नियम काढले: भोवती आडोसा, माती-वाळू झाकलेली, दगड-फरशी उघड्यावर कापायची नाही, माल नेणारी गाडी ताडपत्रीखाली. तुमच्या गावाला ते थेट लागू होवोत न होवोत, बांधकाम परवान्याच्या अटींत ते उतरवून घेण्यापासून नगरपरिषदेला कुणी अडवत नाही.

एवढं झालं की मग झाडू-यंत्र. उघड्या कडांच्या रस्त्यावर ते चालवलं तर कडेचीच माती ओढत राहतं, आणि ब्रश दोन महिन्यांत संपतात. घेताना ओढण्याची क्षमता, पाणीफवारा आणि ब्रशचा पुरवठा हे तीन मुद्दे करारात घ्या. यंत्राने गोळा केलेली माती कुठे टाकतात ते दर आठवड्याला बघा. गावाबाहेरच्या पहिल्या मोकळ्या जागेत टाकत असतील तर ती फिरून येणारच. पाणी मारायचं तर मैलाशुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं वापरा. सात मीटर रुंदीच्या रस्त्याला चौरस मीटरला अर्धा लिटर म्हटलं तर किलोमीटरला साडेतीन हजार लिटर लागतात, आणि मेमधल्या दुपारी ते अर्ध्या-पाऊण तासात उडून जातं. त्यामुळे फक्त खोदकामाच्या जागी आणि कच्च्या वळणरस्त्यांवर. धूळ बांधून ठेवायला मॅग्नेशियम क्लोराइड विकायला लोक येतील. ते हवेतला ओलावा शोषून काम करतं आणि त्याला ३० टक्क्यांवर आर्द्रता लागते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी ती त्याच्या बरीच खाली असते, म्हणजे नेमकं हवं तेव्हा ते कोरडं पडतं.

धुराकडे वळू. शहरातला सर्वात सोपा आणि सर्वात दुर्लक्षित धूर म्हणजे सकाळी सहा ते आठमध्ये पेटलेले कचऱ्याचे ढीग. हिवाळ्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत अडकून बसते, धूर वर जात नाही. किलोभर मिश्र कचरा जाळला की साधारण १० ग्रॅम बारीक कण सुटतात. बहुतेक ढीग झाडणारेच पेटवतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. झाडलोट सहाला संपते, घंटागाडी दहाला येते, तोवर ढीग डुकरं-कुत्री विस्कटतात आणि मुकादम ओरडतो. गाडीची फेरी झाडलोटीनंतर तासाभरात आणा. फेब्रुवारी-मार्चमधल्या कडुलिंबाच्या पाल्यासाठी प्रत्येक प्रभागात खड्डा करा. मगच दंडाची पावती फाडा. राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये ठरवले आहेत. तो आदेश ठरावात जोडा.

कचरा डेपोच्या आगीवर वरून टँकर मारून उपयोग नसतो, आग आतल्या थरात धुमसते. जेसीबीने ढीग उकरला तर हवा मिळून भडकते. पेटलेला भाग चर खणून बाकीच्या ढिगापासून तोडायचा, थोडा थोडा बाहेर काढून पसरून विझवायचा, आणि उरलेल्यावर मातीचा फूटभर थर द्यायचा. माती आणि जेसीबी मार्चच्या आधी डेपोवर तयार ठेवा. कायमचा इलाज म्हणजे जुन्या कचऱ्याचं चाळण करून जागा मोकळी करणं, आणि त्याला स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात तरतूद आहे.

भट्ट्या आणि क्रशरवर तुमचा थेट अधिकार नाही. तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि महसूल खात्याचा गौण खनिज परवाना चालतो. पण पत्र नेमकं लिहिलं तर काम होतं. ‘भट्ट्यांचा त्रास होतो’ असं लिहू नका. फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेप्रमाणे वीटभट्टी वस्तीपासून आणि फळबागेपासून किमान ८०० मीटर हवी, दोन भट्ट्यांत एक किलोमीटर अंतर हवं, टायर आणि प्लास्टिक जाळायला बंदी आहे, आणि धुराड्यातून कण घनमीटरला २५० मिलिग्रॅमच्या आत हवेत. आपल्याकडे बऱ्याच भट्ट्यांना धुराडंच नाही, नुसती विटा रचून पेटवतात. शिवाय केळीच्या पट्ट्यात ‘फळबागेपासून ८०० मीटर’ ही अट कित्येकांना अडचणीची ठरेल, हे भट्टीवालेही जाणतात. पत्रात गट क्रमांक, मोजलेलं अंतर, तारखेसह फोटो आणि अधिसूचनेचं कलम द्या. प्रत तहसीलदारांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हा पर्यावरण आराखड्याच्या बैठका त्यांच्याच अध्यक्षतेखाली होतात. क्रशरला यंत्रापासून ३ ते १० मीटरवर धूलिकण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या आत हवेत. तपासायला गेलात तर आधी फवाऱ्याच्या नळ्या बघा. आपल्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्या महिन्याभरात बुजवतो, म्हणून गाळणी नसेल तर फवारे फक्त तपासणीच्या दिवशी चालतात. डाळ मिलच्या धुळीबाबत तक्रार असेल तर सायक्लोनच्या (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या शंकूच्या) तळाची फिरती झडप बघायला सांगा. तिथून हवा आत शिरली की सायक्लोन जवळजवळ निकामी होतो, आणि रबर बदलण्याइतकीच ती दुरुस्ती असते.

विटांना पर्याय आपल्या दारातच आहे. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राच्या राखेमुळे डिसेंबर २०२१ च्या राख अधिसूचनेतलं ३०० किलोमीटरचं वर्तुळ सगळा खान्देश व्यापतं. त्या वर्तुळात राखेच्या विटा पर्यायी मालापेक्षा महाग नसतील तर बांधकामांत त्या वापरणं बंधनकारक आहे. नगरपरिषदेच्या स्वतःच्या इमारतींपासून सुरुवात करा. मात्र राख येताना बंद टँकरमधून आली पाहिजे. उघड्या डंपरमधून नेलेल्या राखेने वरणगाव-भुसावळकडच्या रस्त्यांचं काय होतं ते त्या भागातल्या कुणालाही विचारा.

पऱ्हाटी जाळणाऱ्या शेतकऱ्यावर गुन्हा दाखल करून काही साधत नाही. गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातंच त्याला सांगतं की डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं कर. त्याला मजूर मिळत नाही, गव्हाची पेरणी आधीच उशिरा झालेली असते, मग तो बांधावर ढीग लावून काडी टाकतो. ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरवर चालणारं श्रेडर भाड्याने मिळालं तर पऱ्हाटी शेतातच बारीक होते. मात्र अळीचा प्रादुर्भाव जास्त असेल तर न उमललेली, किडकी बोंडं आधी वेचून नष्ट करावी लागतात, नाहीतर अळी मातीत राहते. दुसरा रस्ता पेलेटचा, म्हणजे भुगा दाबून केलेल्या कांड्यांचा. केंद्राच्या धोरणानुसार औष्णिक वीज केंद्रांनी कोळशाबरोबर काही टक्के शेतीतल्या अवशेषांचे पेलेट जाळायचे आहेत, म्हणजे गिऱ्हाईक दीपनगरला आहे. अडतं ते वाहतुकीवर: मोकळी पऱ्हाटी भरली तर ट्रॉली शीग लागून भरते आणि काट्यावर जेमतेम वजन येतं. म्हणून भुगा करणारं यंत्र गावोगाव फिरलं पाहिजे, पऱ्हाटी कारखान्याकडे जाऊन भागत नाही. हे काम शेतकरी उत्पादक कंपनीला जास्त शोभतं. नगरपरिषदेने भुगा साठवायला बाजार समितीजवळ जागा दिली तरी पुष्कळ.

पैशाबद्दल: वित्त आयोगाच्या बंधित निधीतला स्वच्छतेचा भाग गाळ आणि कचऱ्याच्या कामांना चालतो. मोजणीसाठी जिल्हा नियोजन समितीकडे मागणी करा. राज्याच्या माझी वसुंधरा अभियानात वायू हा पंचतत्त्वांपैकी एक आहे, आणि तिथल्या गुणांमागे बक्षिसाची रक्कम असते. मोजणीचा अहवाल तिथेही जोडता येतो.

पाड्यांचं गणित वेगळं आहे. अक्कलकुवा-धडगावकडे बाहेरची हवा बरी, आणि स्वयंपाकघरातली शहरातल्या कुठल्याही चौकापेक्षा वाईट. उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, शेगडी घराघरांत आहे, अडचण दुसऱ्या सिलिंडरची. १४.२ किलोचं सिलिंडर डोक्यावर घेऊन पाड्यावर चढणं होत नाही. त्याऐवजी ५ किलोचं घेण्याची सोय योजनेत आहे, ती वितरकाकडे लेखी मागावी लागते, आणि पंचायतीने बाजाराच्या दिवशी सिलिंडर मिळण्याची व्यवस्था करून घेतली तर वापर टिकतो. गॅस आला तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच राहतं. पाणी तापवायची चूल अंगणात काढली तरी घरातला बराच धूर जातो. धुराडं बसवायचं तर १० सेंटिमीटर व्यासाचं, कौलांच्या वर किमान दोन फूट, आणि तळाशी काजळी काढायला झाकण हवं. झाकणाशिवाय बसवलेली धुराडी एका पावसाळ्यात तुंबतात आणि बायका ती काढून टाकतात. लाकूड पावसाआधी फोडून आडोशाला रचलेलं असलं तर धूर निम्म्यावर येण्याइतका फरक पडू शकतो, कारण ओलं सरपण जळत नाही, धुमसतं. नव्या चुली वाटायच्या असतील तर वाटपाआधी दोन-तीन घरांत महिनाभर वापरून बघायला द्या, आणि चुलीची उंची व तोंड त्या घरातल्या बाईला विचारूनच ठरवा.